'मोहर्स सॉल्ट'मधले मोहर नेमके कोण? बारावीच्या प्रॅक्टिकलमागचा जर्मन औषधविक्रेता

प्रॅक्टिकल परीक्षा जवळ आल्या की सातारा-सांगलीतल्या ज्युनिअर कॉलेजांच्या केमिस्ट्री लॅबमध्ये फिकट हिरव्या स्फटिकांची एक बाटली सतत हातोहात फिरते. लेबलवर लिहिलेले असते 'मोहर्स सॉल्ट'. वजन करा, विरघळवा, ब्युरेटमधून जांभळे पोटॅशियम परमँगनेट थेंबाथेंबाने सोडा आणि गुलाबी छटा टिकली की थांबा. इंजिनिअरिंगला गेलेल्यांनीही हे कधीतरी केलेले असते. पण मोहर म्हणजे कोण?

औषधाच्या दुकानातले बालपण

कार्ल फ्रीडरिख मोहर यांचा जन्म 4 नोव्हेंबर 1806 रोजी कोब्लेंझ या आजच्या जर्मनीतील शहरात झाला. वडील औषधविक्रेते, घरची स्थिती चांगली. सुरुवातीचे शिक्षण घरीच झाले आणि त्यातला बराच वेळ वडिलांच्या प्रयोगशाळेत गेला. पुढे हायडेलबर्ग, बर्लिन आणि बॉनमध्ये शिकून ते डॉक्टरेट घेऊन परतले. 1840 मध्ये वडील गेले आणि दुकान त्यांच्याकडे आले.

द्रावणाची नेमकी तीव्रता का हवी?

एखाद्या नमुन्यात लोह किती, हे शोधायचे तर तेव्हा साका तयार करून तो गाळायचा, वाळवायचा आणि तोलायचा. यात खूप वेळ जाई. टायट्रेशनने हेच काम काही मिनिटांत होते, पण एका अटीवर. ब्युरेटमधल्या किंवा फ्लास्कमधल्या, दोनपैकी एका द्रावणाची तीव्रता पक्की माहीत हवी. तीच चुकली तर पुढचे सगळे गणित चुकते.

इथे मोहर यांचे मीठ उपयोगी पडते. साधे फेरस सल्फेट हवेत लवकर खराब होते. अमोनियम सल्फेटसोबतचे हे दुहेरी मीठ त्या मानाने टिकते, म्हणून त्याच्या वजनावर विसंबता येते. 250 मिली 0.05 मोलर द्रावणासाठी 4.9 ग्रॅम मीठ लागते. ते आधी थोड्या पाण्यात, सौम्य सल्फ्युरिक ॲसिड घालून विरघळवायचे, मग मेजरिंग फ्लास्कमध्ये ओतून खुणेपर्यंत पाणी भरायचे. ॲसिड विसरलात तर द्रावण पिवळट-तपकिरी होऊ लागते.

1855 मध्ये मोहर यांचे टायट्रेशनवरचे पाठ्यपुस्तक आले आणि ही पद्धत सर्वत्र पोहोचली. ब्युरेटच्या टोकाला रबरी नळी आणि तिच्यावर चिमटा ही युक्तीही त्यांचीच. त्याआधीच्या अनेक ब्युरेट किटलीसारख्या तिरक्या करून ओताव्या लागत. बुचाला भोक पाडायचे साधनही त्यांच्याच नावावर आहे.

गंमत म्हणजे अचूकतेचा आग्रह धरणाऱ्या मोहर यांचा लिटर थोडा मोठा होता. 17.5 अंश सेल्सिअसला हवेत तोललेले एक किलो पाणी म्हणजे एक लिटर, असे त्यांनी धरले. तो आजच्या हिशेबाने साधारण 1002 मिली भरतो. आपल्याकडच्या मेजरिंग फ्लास्कवर 27 अंश तापमान छापलेले असते, ते याच कारणाने. तापमान बदलले की आकारमानही बदलते.

मोठी कल्पना बाजूलाच राहिली

1837 मध्ये त्यांनी उष्णतेच्या स्वरूपावर लेख लिहिला. उष्णता, गती, वीज ही एकाच शक्तीची रूपे आहेत, असे त्यात होते. ऊर्जेच्या अक्षय्यतेच्या नियमाच्या हे फार जवळचे होते आणि मायर यांच्या 1842 च्या लेखाच्या पाच वर्षे आधीचे. पोगेनडॉर्फ यांच्या नामांकित नियतकालिकाने तो नाकारला. व्हिएन्नात तो छापला गेला, पण फारसे कोणी लक्ष दिले नाही. माझ्या मते त्यांच्या आयुष्यातली हीच सर्वांत चुटपुट लावणारी गोष्ट.

1857 मध्ये ते व्यवसायातून निवृत्त झाले. पुढे मोठे आर्थिक नुकसान झाले आणि वयाच्या 57 व्या वर्षी त्यांनी बॉन विद्यापीठात शिकवायला सुरुवात केली. 1867 मध्ये ते तिथे औषधनिर्माणशास्त्राचे प्राध्यापक झाले. 28 सप्टेंबर 1879 रोजी बॉनमध्येच त्यांचे निधन झाले.

सांगलीच्या शिवाराशी संबंध काय?

वाळवा, मिरज, पलूस तालुक्यांत उसाला वर्षानुवर्षे जादा पाणी दिल्याने जमिनी क्षारपड झाल्या आहेत. अशा ठिकाणी विहिरीच्या पाण्यात क्लोराइड किती, हे कळणे महत्त्वाचे. त्यासाठीची एक प्रचलित चाचणी 'मोहर पद्धत' याच नावाने ओळखली जाते. नमुन्यात पोटॅशियम क्रोमेटचे पिवळे थेंब टाकतात आणि ज्ञात तीव्रतेचे सिल्व्हर नायट्रेट सोडत जातात. आधी पांढरा साका पडतो. क्लोराइड संपले की पिवळ्यावर विटकरी छटा येते आणि ब्युरेटवरचा आकडा टिपला जातो.