प्लेगची लस आणि मातीत पडलेला चिमटा

शेतकरी बंधूंनो, बियाण्याच्या पिशवीवरचा टॅग आणि पावती जपून ठेवा, असं आम्ही विस्तारवाले दर हंगामात कानीकपाळी ओरडतो. आज त्याच धड्याची, पण एका लस शोधणाऱ्या माणसाची गोष्ट सांगतो.

जुन्या माणसांकडून प्लेगबद्दल तुम्ही ऐकलं असेल. घरात उंदीर मरून पडले की गाव सोडायचं आणि रानात झोपड्या घालून राहायचं. १८९६ साली मुंबईच्या मांडवी भागात हा रोग निघाला आणि बघता बघता मुलूखभर पसरला. पुण्यात रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी त्यातच गेल्या.

त्यावेळी सरकारने मुंबईस बोलावले वाल्देमार हाफकिन यांना. जन्म १८६० चा, रशियन साम्राज्यातील ओडेसा गावचा. ज्यू घराण्यातले. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांनी कॉलऱ्याची लस तयार केली आणि १८९३ पासून हिंदुस्थानात गावोगाव फिरून ती टोचली. शिक्षण प्राणिशास्त्राचे, डॉक्टरकीचे नव्हे. त्यामुळे डॉक्टर मंडळींत काहींना ते खुपत.

मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना जागा मिळाली ती एक खोली आणि व्हरांडा. मटणाच्या रश्श्यावर तुपाचे थेंब तरंगत ठेवून त्याखाली त्यांनी प्लेगचे जंतू वाढवले, मग तापवून मारले. मेलेला जंतू रोग देत नाही, पण शरीराला त्याची ओळख पटते आणि पुढे खरा जंतू आला की शरीर तयार असते. तीन महिन्यांत लस झाली. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. जे कैदी राजी होते त्यांना टोचलं. टोचण्याच्या दिवशीच आजारी असलेले सोडले, तर टोचलेल्यांत दोघांना प्लेग झाला, मेला कुणी नाही. न टोचलेल्यांत बारा आजारी पडले, सहा दगावले. मग लाखो लोकांना ही लस मिळाली.

आणि मग घात झाला. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुलकोवाल गावी १०७ जणांना लस टोचली. त्यातले १९ जण धनुर्वाताने मेले. नोंदीवरून कळलं, की ते सगळे एकाच बाटलीतले होते. चौकशी समितीने मुंबईच्या प्रयोगशाळेला दोष दिला आणि हाफकिन यांना कामावरून दूर केलं. पण साक्षीच्या कागदांत एक गोष्ट लिहिलेली होती. बाटलीचं बूच काढायचा चिमटा मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. धनुर्वाताचे जंतू माती-शेणात असतात, हे तुम्हाला सांगायला नको. रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी हे कागद तपासून हाफकिन यांची बाजू लावून धरली. १९०७ साली ते निर्दोष ठरले. ते कलकत्त्याला परत आले खरे, पण माणसांवर लशीचे प्रयोग करण्याची मोकळीक पुन्हा मिळाली नाही. १९१४ साली ते निवृत्त झाले आणि १९३० मध्ये स्वित्झर्लंडमध्ये वारले. मुंबईत परळला त्यांनी उभारलेल्या प्रयोगशाळेला १९२५ पासून हाफकिन संस्था हे नाव आहे.

तेव्हा मंडळी, शोधणारा जीव ओतून लस शोधतो, पण ती लागू पडते गावात, शेवटच्या हातामुळे. पोराबाळांची लस असो वा गोठ्यातली लाळ-खुरकताची, सुई स्वच्छ आहे ना, लस बर्फात आहे ना, हे उभं राहून बघा. आणि सरपंच, ग्रामसेवक मंडळी, शिबिरात बाटलीचा नंबर रजिस्टरात लिहून घ्यायला विसरू नका. मुलकोवालला माणसं गेली ती एका चिमट्यापायी, आणि निरपराध माणूस सुटला तो कागदावर लिहून ठेवलेल्या चार ओळींमुळे.