ट्राउट नाही, महाशीर! दख्खनच्या माशांना मराठी नावांनीच जगापुढं नेणारा कर्नल साईक्स

कर्जतच्या खांडसमधून शिडी घाटानं भीमाशंकर चढलात की भीमेचा उगम लागतो. याच भीमेच्या खोऱ्यातल्या माशांची पहिली मोठी यादी केली ती एका फौजी माणसानं. त्याचं नाव विल्यम हेन्री साईक्स.

जन्म १७९० चा, इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डजवळचा. पोरवयातच तो कंपनीच्या मुंबई फौजेत आला आणि १८१७ मध्ये खडकीच्या लढाईत पेशव्यांविरुद्ध लढला. पण १८२४ मध्ये एल्फिन्स्टननं त्याला दख्खनची आकडेवारी गोळा करायला लावलं आणि गडी बदलला. पिकं, पाऊस, पक्षी, प्राणी, दिसेल ते तो नोंदवू लागला. १८२९ मध्ये सरकारनं ते पदच रद्द केलं, तरी पठ्ठ्यानं १८३१ पर्यंत बिनपगारी काम रेटलं!

त्याचा माशांवरचा निबंध आला १८३० च्या दशकाच्या शेवटी. त्यात चाळीसहून जास्त जाती आहेत. खरी गंमत नावांत आहे. लॅटिन नाव देताना साईक्सनं इथलेच शब्द उचलले. कोलुस, मुल्या, नुक्ता, सांडखोल. आजही जगभरच्या शास्त्रज्ञांना हीच नावं वापरावी लागतात. मुळा-मुठेतल्या महाशीरला त्यानं खुद्री म्हटलं, म्हणून तो आज टॉर खुद्री.

इंग्रजांना गळ टाकायला ट्राउट हवा असायचा. त्याला बर्फासारखं गार पाणी लागतं, म्हणून तो पुढं काश्मीर आणि निलगिरीत आणून सोडला गेला. दख्खनमध्ये ते जमणारं नव्हतं. इथं गळाला लागायचा महाशीर. दोघांत फरक ओळखायला सोपा आहे. ट्राउटचे खवले बारीक, अंगावर ठिपके आणि शेपटीआधी पाठीवर चरबीचा एक छोटा पर. महाशीरचे खवले मोठे, ओठ जाड, तोंडाशी चार मिश्या, आणि तो चरबीचा पर नाहीच. तो रोहू-कटल्याच्या घराण्यातला.

पण एका नावानं मोठा घोळ घातला. शिरूरच्या घोड नदीतल्या एका माशाला साईक्सनं मुसुल्ला म्हटलं होतं. त्यानं पाहिलेला मूळ नमुना कुठंच जपलेला नाही. विसाव्या शतकात सुंदरलाल होरांनी हे नाव पाठीवर कुबड असलेल्या महाशीरला लावलं आणि तेच रूढ झालं. २०१३ च्या संशोधनानं दाखवलं की साईक्सचा मुसुल्ला महाशीर नव्हताच. म्हणजे कावेरीतला कुबडवाला राक्षसी महाशीर इतकी वर्षं दुसऱ्याच्या नावावर जगत होता. २०१८ मध्ये त्याचं खरं शास्त्रीय नाव टॉर रेमादेवी असल्याचं ठरलं, तोवर तो नामशेष व्हायला टेकला होता.

याला एक कारण खुद्रीच होता. खालापूर तालुक्यातल्या खोपोलीच्या वीजघराला वरून पाणी देणाऱ्या लोणावळ्याच्या वळवण तलावावर टाटांचं महाशीर केंद्र आहे. तिथं १९७० च्या दशकापासून खुद्रीची पिल्लं वाढवली गेली. हेतू चांगला होता. पण ती कावेरीतही सोडली गेली, आणि खुद्रीनं कुबडवाल्याची जागा घेतली. ज्याचं नावच धड नाही, त्याला वाचवायची यादी कोण करणार?

साईक्स मात्र १८५६ मध्ये कंपनीचा अध्यक्ष झाला. पुढच्याच वर्षी ॲबर्डीनमधून खासदार म्हणून निवडून आला आणि १८७२ मध्ये मरेपर्यंत खासदारच राहिला.