टी. आर. गोविंदाचारी
टी. आर. गोविंदाचारी (१९१५ – २००१) हे वनस्पतींतील नैसर्गिक संयुगांचा अभ्यास करणारे भारतीय रसायनशास्त्रज्ञ होते. सह्याद्रीतील नरक्या या झाडात कॅम्प्टोथेसिन हे कर्करोगविरोधी अल्कलॉइड असल्याचे त्यांनी एन. विश्वनाथन यांच्यासह १९७२ मध्ये दाखवून दिले.

जीवन
त्यांचे शिक्षण मद्रास (आताचे चेन्नई) येथे झाले. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात रॉजर अ‍ॅडम्स यांच्याकडे संशोधन केल्यानंतर ते मायदेशी परतले. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात त्यांनी अध्यापन केले व पुढे तेथेच ते प्राचार्य झाले. १९६० मध्ये रसायनशास्त्रासाठीचा पहिला शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार त्यांना मिळाला. १९६३ मध्ये मुंबईतील गोरेगाव येथील सिबा संशोधन केंद्राचे ते संचालक झाले आणि १९७५ पर्यंत त्या पदावर राहिले. उत्तरायुष्यात त्यांनी मद्रास येथे कडुनिंबातील कीटकरोधक संयुगांवर काम केले.

नरक्यावरील संशोधन
कॅम्प्टोथेसिन प्रथम १९६६ मध्ये अमेरिकेत मनरो वॉल आणि मूळचे नंदुरबारचे मनसुख वाणी यांनी एका चिनी वृक्षापासून वेगळे केले होते. गोविंदाचारी व विश्वनाथन यांना तेच द्रव्य नरक्यात आढळले. शिवाय ९-मेथॉक्सी-कॅम्प्टोथेसिन हे नवे अल्कलॉइडही मिळाले. त्यामुळे या दुर्मीळ द्रव्याचा दुसरा नैसर्गिक स्रोत उपलब्ध झाला. मात्र त्याच सुमारास, मूत्राशयाला होणाऱ्या इजेसारख्या गंभीर दुष्परिणामांमुळे रुग्णांवरील चाचण्या थांबल्या. हे द्रव्य पेशीतील नेमक्या कोणत्या प्रथिनावर कार्य करते, हेही तेव्हा अज्ञात होते.

लक्ष्य प्रथिनाचा शोध
१९८५ मध्ये लिरॉय लिऊ व त्यांच्या सहकाऱ्यांनी हे प्रथिन टोपोआयसोमरेज-१ असल्याचे दाखवले. हे विकर डीएनएचा एक धागा कापून त्यातील पीळ सैल करते व धागा पुन्हा जोडते. कॅम्प्टोथेसिनच्या उपस्थितीत ही जोडणी अडते आणि विकर कापलेल्या टोकाला चिकटून राहते. डीएनएची प्रत तयार होत असताना तेथे दोन्ही धागे तुटतात व पेशी मरते. ज्या यीस्ट पेशींमध्ये हे विकर नव्हते त्यांच्यावर द्रव्याचा परिणाम झाला नाही. त्यामुळे निष्कर्षाला पुष्टी मिळाली. लक्ष्य निश्चित झाल्यावर संशोधनाला पुन्हा गती आली. कॅम्प्टोथेसिनपासून तयार केलेल्या टोपोटेकान व इरिनोटेकान या औषधांना अमेरिकेत १९९६ मध्ये मान्यता मिळाली. ती अनुक्रमे अंडाशयाच्या आणि मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर वापरली जातात.

परिणाम
या औषधांमुळे नरक्याची मागणी वाढली व पश्चिम घाटात त्याची मोठ्या प्रमाणावर तोड झाली. ज्या शोधामुळे रुग्णांना औषध मिळण्यास हातभार लागला, त्याच शोधामुळे या झाडाचे अस्तित्व धोक्यात आले. म्हणून लागवड व ऊतीसंवर्धन हे पर्याय अभ्यासले गेले आहेत.