भूमीचे देणे

1816 साली युरोपात उन्हाळा जणू आलाच नाही. आदल्या वर्षी इंडोनेशियातील तांबोरा ज्वालामुखीचा प्रचंड स्फोट झाला होता. त्याच्या धुराळ्याने सूर्याचे तेज मंदावले, पिके बुडाली व दुष्काळ पडला. त्या वेळी जर्मनीतील डार्मस्टाट गावचा युस्टुस लीबिग तेरा वर्षांचा होता. शाळेत त्याचे मन रमत नसे. परंतु रसायनांचे प्रयोग करताना तो तहानभूक विसरे. पुढे पॅरिसला जाऊन त्याने रसायनशास्त्राचे अध्ययन केले आणि वयाच्या एकविसाव्या वर्षी तो गीसेन येथे प्राध्यापक झाला.

1840 साली लीबिग यांनी शेतीच्या रसायनशास्त्रावर ग्रंथ लिहिला. पिके जमिनीतून स्फुरद, पालाश इत्यादी द्रव्ये शोषून घेतात. ती परत न केल्यास सुपीक भूमीही निःसत्त्व होते, हे त्यांनी लोकांना पटवून दिले. त्यांचे स्वतःचे पहिले खत मात्र फसले. ते पाण्यात नीट विरघळत नसे, म्हणून मुळांना मिळत नसे. तरीही त्यांनी संशोधन सोडले नाही.

मग त्यांचे लक्ष शहरांकडे वळले. शेतातील धान्य शहरात जाते. पण त्यातील सत्त्व मैलापाण्यातून नदीत वाहून जाते. 1858 च्या उन्हाळ्यात लंडनची थेम्स नदी दुर्गंधीने असह्य झाली. तेव्हा अभियंता बॅझलजेट यांनी भव्य भुयारी गटारे बांधून मैलापाणी शहराच्या खालच्या अंगाला नेऊन सोडले. पटकीपासून शहराची सुटका झाली. परंतु शेताचे धन पाण्यातच गेले. 1865 साली लीबिग यांनी लंडनच्या महापौरांना पत्रे लिहून हे मैलापाणी शेतीच्या उपयोगी आणण्याचा आग्रह धरला. 1873 साली त्यांचे निधन झाले, तेव्हाही लंडनचे मैलापाणी नदीतच जात होते.

पुढे विज्ञानाने वाट दाखविली. 1914 साली मँचेस्टर येथील संशोधकांनी मैलापाण्यात हवा खेळवून सूक्ष्म जीवांकरवी ते शुद्ध करण्याची रीत सिद्ध केली. या रीतीत जीव घाण खातात, गाळ तळाशी बसतो व वरचे पाणी निवळते. मैल्यात रोगजंतू असतात, म्हणून तो तसाच शेतात टाकणे घातक असते. परंतु योग्य प्रक्रिया केल्यास गाळातील स्फुरद वेगळे काढता येते. 2017 साली खुद्द जर्मनीने मोठ्या शहरांतील गाळातून स्फुरद परत मिळविण्याचा नियम केला.

आपण भूमीकडून रोज अन्न घेतो. घेतलेले परत करावे, हा लीबिग यांचा साधा हिशेब होता. तो जगाला उमगण्यास मात्र दीडशे वर्षे लागली.