सर चार्ल्स रॉस : एका अडलेल्या बोल्टची गोष्ट

फर्स्ट इयरचा फिटिंगचा जॉब आठवतोय ना? तीन-तीन प्रॅक्टिकल कानस घासून मेल-फिमेल एकदाचे मॅच झाले की केवढा आनंद! मधून उजेडाची तिरीपसुद्धा दिसत नाही म्हणून आपण तो वर्गभर मिरवतो. आणि सरांना दाखवायला नेताना जॉब हातातून निसटतो, कडेला एवढीशी बर येते, आणि मघाशी लोण्यासारखा सरकणारा तोच जॉब आता बसायचं नाव घेत नाही.

अशाच एवढ्याशा बरीपायी एका हुशार इंजिनिअरचं आयुष्यभराचं काम धुळीला मिळालं. मार्क गेले असते तर ठीक होतं, इथे माणसांचे जीव पणाला लागले. तो माणूस म्हणजे सर चार्ल्स रॉस.

रॉसचा जन्म 1872 चा, स्कॉटलंडमधल्या बड्या जमीनदार घराण्यातला. वडील 1883 मध्ये वारले आणि अकरा वर्षांचा चार्ल्स बाल्नागाऊनच्या अफाट इस्टेटीचा मालक झाला. हरणांची शिकार तिथल्या उमरावांच्या रक्तातच. पण या पोराला हरणापेक्षा हातातल्या बंदुकीचं कुतूहल जास्त. ईटन आणि मग केंब्रिजला शिकताना त्याचं डोकं यंत्रातच असायचं. 1893 मध्ये, म्हणजे साधारण आपल्या फायनल इयरच्या वयात, त्याने रायफलचं पेटंट घेतलं! गडी नुसता बंदूकवेडा नव्हता, बरं का. कॅनडातल्या कूटने नदीवर वीज तयार करून रॉसलँडच्या खाणींना पुरवणारी कंपनी 1897 मध्ये निघाली, तिच्या संस्थापकांपैकी तो एक होता.

आता थोडं टेक्निकल. नेहमीच्या बोल्ट अॅक्शन रायफलमध्ये हँडल आधी वर उचलायचं, मग मागे ओढायचं. गोळी सुटते तेव्हा प्रचंड दाबाने काडतुसाची पितळी पुंगळी फुगते आणि चेंबरच्या भिंतीला चिकटते. दाब गेला की ती किंचित आकसते, पण पूर्ण सुटेलच असं नाही. हँडल उचलताना बोल्ट फिरतो आणि एका उतरत्या कडेवर घसरत मागे येतो. म्हणजे पुंगळीला पहिला हिसका कॅमच्या जोरावर मिळतो. स्क्रू जॅकने गाडी उचलावी तसं. हाताला फारसं कळतही नाही.

रॉसने हे हँडल उचलणंच काढून टाकलं. त्याच्या रायफलचं हँडल सरळ मागे ओढायचं, बस्स! बाहेरच्या नळीतल्या पेचदार खाचांमुळे आतलं बोल्टचं डोकं आपोआप फिरून कुलूप उघडतं. दोन हालचालींचं काम एकात. शिकाऱ्याला आणखी काय हवं? नेम न हलवता दुसरी गोळी तयार. फक्त एक गोष्ट गेली. चिकटलेली पुंगळी सोडवणारा तो कॅमचा जोर इथे तुटपुंजा होता. सगळा भार दंडाच्या ताकदीवर.

त्याच सुमारास बोअर युद्ध चालू होतं आणि कॅनडाला स्वतःच्या रायफली हव्या होत्या. ब्रिटिश कंपनी कॅनडात कारखाना काढायला तयार होईना. रॉस म्हणाला, मी काढतो. 1901 च्या चाचण्यांमध्ये ब्रिटिशांची ली-एनफिल्ड दणकटपणात सरस दिसत होती, तरी 1902 मध्ये करार झाला. पहिल्या वर्षासाठी 12,000 रायफली ठरल्या आणि क्वेबेक शहरात कारखाना उभा राहिला.

तक्रारी लवकरच सुरू झाल्या. 1906 मध्ये घोडदळ पोलिसांच्या सरावात एका रायफलचा भाग उडून एका जवानाचा डोळा गेला. रॉस दुरुस्त्या करत राहिला. मार्क टू, मग 1910 ची मार्क थ्री. एकीकडे तक्रारी, तर दुसरीकडे कौतुकाचा पाऊस! त्याच्या .280 काडतुसाची गोळी सेकंदाला सुमारे 900 मीटरने सुटायची, त्या काळी ही चैनच. इंग्लंडमधल्या बिस्लेच्या नेमबाजी स्पर्धांत 1908 पासून रॉस रायफलींनी बक्षिसं लुटली. स्वच्छ मैदान, निवडक काडतुसं, पुसूनपासून ठेवलेली बंदूक. अशा ठिकाणी तिला तोड नव्हती.

आणि मग उजाडला एप्रिल 1915. बेल्जियममधलं ईप्र. 22 तारखेला जर्मनांनी क्लोरीन वायू सोडला आणि खिंडार पडलेल्या फळीवर कॅनडाची फर्स्ट डिव्हिजन उभी राहिली. हातात रॉस. भराभर गोळ्या झाडल्या, बंदूक तापली, चिखल उडाला आणि बोल्ट अडले. समोरून शत्रू येतोय आणि जवान बुटाच्या टाचेने, खंदक खणायच्या अवजाराच्या दांड्याने बोल्टवर ठोके मारतायत! काहींच्या संगिनी गोळी झाडताना निखळून पडत होत्या. अठ्ठेचाळीस तासांत सुमारे 6,000 कॅनेडियन जखमी, बेपत्ता वा ठार झाले, त्यातले सुमारे 2,000 कायमचे गेले. वाचलेल्यांपैकी हजारावर जवानांनी आपली रॉस फेकून मेलेल्या सोबत्यांची ली-एनफिल्ड उचलली होती.

दोष नेमका कुठे होता? बोल्ट अडला की आजही बंदुकीचा कारागीर याच क्रमाने जातो. आधी बंदूक रिकामी केल्याची खात्री. मग रिकाम्या चेंबरवर बोल्ट चालवून बघायचा. अडला, तर दोष बोल्टमध्ये किंवा त्याच्या खाचांमध्ये. नाही अडला, पण गोळी झाडल्यावर अडतो, तर दोष चेंबर आणि काडतुसाच्या जोडीत.

रॉसमध्ये दोन्ही निघाले! तिचं चेंबर कॅनडाच्या नेमक्या मापाच्या काडतुसांसाठी घट्ट कापलेलं. युद्धाच्या घाईत बनलेली ब्रिटिश काडतुसं मापात पुढे-मागे असायची. ली-एनफिल्डचं चेंबर ऐसपैस, ती पचवायची. रॉसमध्ये पुंगळी रुतून बसायची. मग जवान जोर लावून हँडल ओढायचा आणि बोल्टच्या लगची मागची कड छोट्याशा बोल्ट स्टॉपवर आपटायची. बोल्टचं डोकं पुरेसं कडक केलेलं नव्हतं. अशा ठोक्यांनी कडेवर बर यायची, थ्रेड बिघडायचे आणि आता रिकामा बोल्टसुद्धा अडायचा. म्हणजे पहिला दोष दुसऱ्याला जन्म द्यायचा. जितका जोर, तितकं नुकसान.

उपाय अवघड नव्हते. चेंबर रीमरने मोठं करायचं, स्टॉप मोठा करायचा, डोक्याचं हार्डनिंग सुधारायचं. ते झालेही, पण उशिरा. रॉस सगळं खापर काडतुसांवर फोडत राहिला. तो अर्धा बरोबर होता, हीच खरी शोकांतिका! काडतुसं वाईट होतीच. पण युद्धात काडतुसं वाईट असणार, चिखल असणार, थकलेले हात असणार, हे त्याच्या ड्रॉइंगवर कुठेच नव्हतं. वर संरक्षणमंत्री सॅम ह्यूज त्याच्या पाठीशी ठाम. फर्स्ट डिव्हिजनला जून 1915 मध्ये ली-एनफिल्ड मिळाल्या, पण बाकीच्या तुकड्यांना 1916 च्या सप्टेंबरपर्यंत थांबावं लागलं. नोव्हेंबरमध्ये ह्यूज यांचं मंत्रिपद गेलं. मार्च 1917 मध्ये सरकारने कारखाना ताब्यात घेतला. रॉसला पुढे 20 लाख डॉलर भरपाई मिळाली. खंदकात राहिलेल्यांना काय मिळालं, हा हिशेब वेगळा.

गंमत बघा, कॅनडाच्या स्नायपरांनी मात्र रॉस सोडली नाही. फ्रान्सिस पेगामगाबो हा नामांकित स्नायपर तिच्यावरच विसंबून होता. स्नायपर सावकाश झाडतो, काडतुसं निवडून घेतो, बोल्टला तेलपाणी करतो. म्हणजे शिकाऱ्यासारखाच वागतो! आणि रॉस मुळात शिकाऱ्याचीच बंदूक होती. युद्धानंतर कितीतरी रॉस रायफली कॅनडाच्या जंगलात हरणांमागे फिरल्या. सर चार्ल्स 1942 मध्ये अमेरिकेत, फ्लोरिडात वारला.

रॉस मूर्ख नव्हता, आळशी तर मुळीच नव्हता. त्याचा फिट आपल्यापेक्षा शंभर पटींनी चांगला होता. चूक एवढीच की, जिथे बंदूक चालते तिथेच त्याने मन रमवलं आणि जिथे ती अडते तिथून आलेल्या माणसाचं ऐकलं नाही. उद्या आपणही कुठेतरी टॉलरन्स ठरवणार आहोत. तेव्हा कुणी कामगार किंवा ग्राहक येऊन म्हणाला की तुमचं मशीन अडतंय, तर तो वापरायला चुकला असेल असं म्हणण्याआधी बाही सरसावून त्याच्या चिखलात जाऊन बघूया. आणि हो, पुढच्या वेळी जॉब जमा करताना कडेवरून एकदा बोट फिरवा. बर असेल!