प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेणारे हाफकिन

परळचं हाफकिन इन्स्टिट्यूट मुंबईकरांना माहीत असतं. पण हे हाफकिन नक्की कोण?

वाल्देमार हाफकिन यांचा जन्म १८६० चा, ओडेसातला. पॅरिसमध्ये त्यांनी कॉलऱ्याची लस शोधली आणि ती घेऊन १८९३ मध्ये भारतात आले. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग पसरला तेव्हा सरकारने त्यांना इथे धाडलं. ग्रँट मेडिकल कॉलेजातली तोकडी जागा, हाताशी मोजकी माणसं. तीन महिन्यांत लस तयार!

पण टोचून घेणार कोण? रुग्णांना घरातून उचलून नेतात म्हणून लोक सरकारवर आधीच चिडलेले. गिरणी कामगारांनी तर आर्थर रोडच्या हॉस्पिटलवर हल्ला केला होता.

१० जानेवारी १८९७. हाफकिन यांनी पहिली सुई स्वतःलाच टोचून घेतली. ताप भरला, पण निभावलं. मग भायखळा जेलमधले कैदी तयार झाले. अवघ्या १९ वर्षांच्या तिसऱ्या आगाखानांनी आपल्या खोजा अनुयायांसमोर लस घेतली, आणि लोकांची भीती कमी झाली.

१९०२ मध्ये मात्र घात झाला. पंजाबातल्या मुल्कोवाल गावात लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने गेले. खापर हाफकिन यांच्यावर फुटलं, निलंबन झालं. खरं तर बाटली उघडायचा चिमटा तिथेच जमिनीवर पडला होता. हे मान्य व्हायला १९०७ उजाडलं.

ते भारतात परतले, पण कलकत्त्याला. मुंबईची लॅब काही परत मिळाली नाही. १९२५ मध्ये तिला त्यांचं नाव तेवढं मिळालं.