डॉ. कमल रणदिवे यांचे अल्प चरित्र

आमच्या बेल्ह्याकडे, किंबहुना साऱ्याच खेड्यापाड्यांतून, एखाद्या घरी कर्करोग शिरला म्हणजे त्या रोगाचे नावदेखील कोणी मोठ्याने उच्चारीत नाही. कोणी त्याला दैवाचा कोप म्हणतो, कोणी पूर्वजन्मीचे पाप म्हणतो, तर कोणी त्या घराण्यालाच डाग लावून मोकळा होतो. मग घरातील उपवर मुलींच्या लग्नाची चिंता लागते, बाई आपल्या छातीतील गाठ पदराआड लपविते, आणि जो काळ डॉक्टरांकडे जाण्याचा तो भीतीत व लाजेत निघून जातो. या भीतीच्या मुळाशी एक प्रश्न आहे. हा रोग रक्तातून वारशाने येतो काय, आणि येत असल्यास मनुष्य त्यापुढे अगदीच हतबल आहे काय? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी ज्यांनी आपले आयुष्य वेचले, अशा एका महाराष्ट्रीय विदुषीचे चरित्र आम्ही यंदा विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या आईवडिलांपुढे ठेवीत आहोत.

कमलताईंचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यास झाला. त्यांचे माहेरचे आडनाव समर्थ. वडील दिनकर दत्तात्रेय समर्थ हे फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्र शिकवीत. आईचे नाव शांताबाई. मुलीला लिहितावाचता आले की पुरे, असे मानण्याचा तो काळ. परंतु समर्थांनी आपल्या सर्व अपत्यांना उत्तम शिक्षण देण्याचे ठरविले व ते तडीस नेले. कमलताईंचे शालेय शिक्षण हुजूरपागेच्या प्रसिद्ध शाळेत झाले. कन्येने वैद्यकीचा अभ्यास करावा व जावईही डॉक्टरच मिळावा, अशी वडिलांची इच्छा होती. कन्येने मात्र निराळी वाट धरली. फर्ग्युसन कॉलेजात तिने वनस्पतिशास्त्र व प्राणिशास्त्र हे विषय घेतले आणि पदवी संपादन केली.

१९३९ च्या मे महिन्यात त्यांचा विवाह गणितज्ञ श्री. ज. त्रिं. रणदिवे यांच्याशी झाला. लग्न झाले म्हणजे मुलीची पुस्तके माळ्यावर जावयाची, हा तेव्हाचा सामान्य क्रम. पण या घरी तसे घडले नाही. पतीने त्यांच्या पुढील अभ्यासास मनःपूर्वक साहाय्य केले. पुण्याच्या शेतकी कॉलेजातून १९४३ साली त्या एम. एस्सी. झाल्या. त्यांच्या अभ्यासाचा विषय मोठा गमतीचा होता. आपणां सर्वांच्या परिचयाचे सीताफळ ज्या कुळात मोडते, त्या कुळातील वनस्पतींच्या पेशींत गुणसूत्रांची रचना कशी असते, हा तो विषय होय. गुणसूत्रे म्हणजे पेशीच्या गर्भात असलेले सूक्ष्म धागे. त्यांवर जनुके असतात, आणि आईबापांचे गुण मुलांत उतरतात ते या जनुकांच्या द्वारे. सीताफळाच्या पेशीत वारशाचे सूत्र पाहण्यास शिकलेली हीच दृष्टी पुढे त्यांनी कर्करोगाकडे वळविली.

मुंबईस परळ येथे १९४१ साली टाटा स्मारक रुग्णालय उघडले. तेथे डॉ. वसंत रामजी खानोलकर हे रोगनिदानशास्त्राचे थोर पंडित काम करीत होते. कर्करोगाचा लोकांच्या सवयींशी कसा संबंध असतो, हे त्यांनी १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात दाखविले. तंबाखू व चुना खालच्या ओठात धरणारांच्या ओठाला, पेटते टोक तोंडात घेऊन चिरूट ओढणारांच्या टाळूला, आणि घट्ट आवळलेल्या धोतराचा वर्षानुवर्षे काच बसलेल्या कमरेला हा रोग होत असलेला त्यांना आढळला. अशा गुरूच्या मार्गदर्शनाखाली कमलताईंनी संशोधनास आरंभ केला आणि १९४९ साली मुंबई विद्यापीठाची डॉक्टर ही पदवी मिळविली. वडिलांची इच्छा अशा रीतीने निराळ्या वाटेने का होईना, पुरी झाली.

त्यांच्या कामाचे एक प्रमुख साधन म्हणजे उंदीर. हे ऐकून आमच्या बालवाचकांस हसू येईल. परंतु त्यातील युक्ती समजून घेण्यासारखी आहे. एकाच कुळातील उंदरांची पिढ्यान् पिढ्या आपसात पैदास केली, म्हणजे त्या वंशातील सारे उंदीर जनुकांच्या दृष्टीने जवळजवळ एकसारखे होतात. अशा काही वंशांतील बहुतेक माद्यांना स्तनाचा कर्करोग होतो, तर काहींत तो क्वचितच आढळतो. यावरून कोणी म्हणेल, झाले, वारसा सिद्ध झाला! परंतु अमेरिकेत जॉन बिटनर यांनी १९३६ साली एक नवल दाखविले होते. रोगग्रस्त वंशाची पिले जन्मतःच निराळी करून निरोगी वंशाच्या मादीच्या अंगावर पाजली असता त्यांच्यात रोगाचे प्रमाण पुष्कळच घटले. मादीच्या दुधातून एक विषाणू पिलांच्या पोटी जात होता, हे पुढे कळून आले. शिवाय शरीरात स्रवणारी संप्रेरके कमीअधिक झाली, तरी रोगाचे प्रमाण बदले. वारसा, विषाणू व संप्रेरके यांचे परस्परांशी असलेले हे नाते उलगडण्याच्या कार्यात कमलताईंनी मोलाची भर घातली.

येथे मातांनी गैरसमज करून घेऊ नये. ही गोष्ट उंदरांची आहे. मनुष्यमातेचे दूध बाळास अमृतासमान असून, अंगावर पाजल्याने मातेचा स्वतःचा स्तनाच्या कर्करोगाचा धोकाही कमी होतो. मनुष्यजातीत आईकडून वा बापाकडून आलेल्या सदोष जनुकामुळे होणारे स्तनाचे कर्करोग शंभरांत सुमारे पाच ते दहाच असतात. म्हणजे वारसा आहे, परंतु तो एकटा सारे ठरवीत नाही. कमलताईंच्या साऱ्या कार्याचे सार आम्हांस या एका वाक्यात दिसते.

डॉक्टर झाल्यावर खानोलकरांच्या प्रोत्साहनाने त्या अमेरिकेस गेल्या आणि बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात डॉ. जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत राहिल्या. शरीराबाहेर काचेच्या पात्रात पेशी जिवंत ठेवून वाढविण्याची विद्या तेथे त्यांनी आत्मसात केली. याच गाय यांच्या प्रयोगशाळेत १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स नावाच्या एका गरीब कृष्णवर्णीय स्त्रीच्या अर्बुदातील पेशी अखंड वाढू लागल्या. ती बाई त्याच वर्षी मरण पावली; तिच्या पेशी मात्र हेला या नावाने जगभरच्या प्रयोगशाळांत आजतागायत जिवंत आहेत. त्या घेताना तिची संमती कोणी विचारली नव्हती व तिच्या कुटुंबासही कित्येक वर्षे त्याचा पत्ता नव्हता. ज्ञानाच्या मार्गावर गरिबाचा हक्क असा नकळत तुडविला जाऊ नये, हा धडाही या कथेतून घ्यावयाचा आहे.

स्वदेशी परतल्यावर कमलताईंनी भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात ही विद्या रुजविली. खानोलकरांच्या नेतृत्वाखाली १९५२ साली सुरू झालेल्या या केंद्रात त्यांनी पेशी वाढविण्याची प्रयोगशाळा उभी केली. अशा प्रकारची ती भारतातील पहिली मानली जाते. परदेशी गेलेल्या तरुण संशोधकांस त्यांनी परत येण्याची प्रेरणा दिली व त्यांच्या साहाय्याने नवे विभाग काढले. १९६६ पासून १९७० पर्यंत केंद्राच्या संचालकपदाची धुराही त्यांनी वाहिली. १९७६ साली त्यांनी सहकाऱ्यांसह प्रसिद्ध केलेल्या एका निबंधात सुपारी व तंबाखू यांच्या अर्कांचे प्राण्यांच्या गालातील त्वचेवर होणारे परिणाम तपासले आहेत; त्यात सुपारीदेखील निरुपद्रवी नाही, असे दिसून आले. कुष्ठरोग्यांच्या शरीरातून मिळविलेले जंतू प्रयोगशाळेत वाढविण्याच्या कामीही त्यांचा हात होता, व त्या जंतूंपासून पुढे कुष्ठरोगावरील एक लस तयार झाली. प्रभू येशूने कुष्ठी मनुष्यास स्वतःच्या हाताने स्पर्श करून बरे केल्याची कथा आम्ही शाळेत वाचतो. ज्याला सारे दूर लोटतात त्याच्याजवळ जाण्याचे काम असे प्रयोगशाळेतही होऊ शकते.

या विद्येची झेप किती दूरवर गेली, तेही सांगावयास हवे. आमच्या जुन्नर तालुक्यात खोडद येथे आकाशाचा वेध घेणाऱ्या प्रचंड दुर्बिणी आहेत, त्यामुळे आमच्या विद्यार्थ्यांस अवकाशाचे कुतूहल विशेष. गाय यांच्या प्रयोगशाळेतून निघालेल्या त्या हेला पेशी १९६० साली रशियाच्या यानातून, मनुष्याच्याही आधी, अवकाशात जाऊन आल्या. पृथ्वीबाहेरच्या किरणांनी सजीव पेशीचे काय होते, हे पाहावयाचे होते. २०१५ ते २०१६ या काळात स्कॉट केली हे अमेरिकन अंतराळवीर ३४० दिवस अवकाशस्थानकावर राहिले व त्यांचे जुळे बंधू मार्क भूमीवर राहिले. दोघांची जनुके एकसारखी असल्याने त्यांची तुलना करता आली. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात असे दिसले, की अवकाशात स्कॉट यांच्या गुणसूत्रांची टोके लांबली व परतल्यावर ती आखूड झाली. अनेक जनुकांचे कार्य बदलले आणि परतल्यावर त्यांपैकी बहुतेकांचे पूर्ववत झाले. सारांश, एकच वारसा घेऊन जन्मलेल्या दोन भावांतही परिस्थितीने फरक पडतो. परळच्या प्रयोगशाळेत उंदरांच्या पिंजऱ्यापाशी जो धडा मिळाला, तोच पुढे आकाशातही मिळाला.

सरकारने १९८२ साली पद्मभूषण ही पदवी देऊन कमलताईंचा गौरव केला. परंतु मानापेक्षा त्यांना काम प्रिय होते. शास्त्राच्या क्षेत्रातील स्त्रियांस परस्परांचा आधार मिळावा म्हणून १९७३ साली भारतीय महिला वैज्ञानिक संघ स्थापन झाला, त्याच्या संस्थापकांत त्या प्रमुख होत्या. निवृत्तीनंतर इतर विद्वान विश्रांती घेतात. या बाई खेड्यात आल्या. ओतूरच्या उत्तरेकडील डोंगर ओलांडला की अकोले तालुका लागतो. त्या वेळच्या अहमदनगर व आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील या तालुक्यात सत्यनिकेतन या संस्थेच्या साहाय्याने त्यांनी आदिवासी मुलांच्या पोषणाची पाहणी केली आणि खेड्यातील स्त्रियांस आरोग्याविषयी सल्ला दिला. ज्या डोंगररांगेकडे आम्ही रोज शाळेतून पाहतो, तिच्या पलीकडेच ही जगन्मान्य विदुषी गरिबांच्या लेकरांची काळजी वाहत होती. २००१ साली त्या निवर्तल्या.

हे चरित्र वाचून हळहळण्यापेक्षा किंवा नुसती प्रशंसा करण्यापेक्षा आपण काही करावे, असे आम्हांस वाटते. आयाबहिणींनी सकाळी दातांना लावावयाची मिश्री सोडावी. बापांनी खिशातील तंबाखू-चुन्याची डबी दूर करावी. मुलांनी सुपारीच्या पुडीस हात लावू नये. तोंडातील चट्टा दोनतीन आठवड्यांत बरा होत नसेल, किंवा छातीत गाठ हाताला लागत असेल, तर ती लपवू नये, त्वरित डॉक्टरांस दाखवावी. कारण लवकर ओळखलेला हा रोग पुष्कळदा बरा होतो. ज्या घरी हा रोग आला, त्या घरास कोणी नावे ठेवू नयेत. आणि ज्या पालकांची कन्या अभ्यासात हुशार असेल, त्यांनी दिनकरराव समर्थांची आठवण ठेवावी. त्या पित्याने मुलीची पुस्तके मिटविली असती, तर कर्करोगाच्या अंधारात एक दिवा कमी लागला असता.

वारशाने आपल्याला रंग, रूप व काही दुखणीही मिळत असतील. परंतु उद्योग, जिज्ञासा व दया ही ज्याची त्याने मिळवावयाची असतात. ती मिळविण्याची सद्बुद्धी परमेश्वराने आमच्या शाळेतील प्रत्येक मुलास व मुलीस द्यावी, अशी प्रार्थना करून आम्ही हा लेख पुरा करतो.